बांधीत उतरलेला देव

कामठ्याच्या पलीकडे दीड कोसावर एक लहानसं गाव आहे. तिथली रुख्मा रागीट म्हणून ओळखली जायची आणि ती ओळख तिला मान्य होती. विहिरीवरच्या बाया म्हणायच्या, "रुख्माच्या चुलीले लाकडं कायले पायजेत? ती नुसती पाहते अना आंधण येते." हे तिच्या कानावर जायचं. ती म्हणायची, "येते तं येऊ द्या."

तिचा नवरा बकाराम अगदी उलट. इतका अबोल माणूस की पंगतीत वाढणारा त्याला विसरून पुढच्या पानावर जायचा, आणि बकाराम तसाच बसून राहायचा. बांध घातलेल्या पाच तुकड्यांचं, पाच बांध्यांचं त्यांचं शेत होतं. धान बरा व्हायचा. वर्ष निघून जायचं.

त्यांना एकच मुलगी झाली होती, पुष्पा. देश सुटला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात घरात हिवताप शिरला. रुख्मा अंथरुणाला खिळली आणि नऊ वर्षांची पुष्पाही तापली. रुख्मा पडल्या पडल्या ओरडत होती, "गाडी जुंपा, पोट्टीले गोंदियाले न्या, दवाखान्यात तापावर कोयनेल भेटते." बकारामनं गाडी जुंपली खरी, पण शेजारपाजारच्यांच्या सांगण्यावरून ती झाडफूक करणाऱ्या बैगाकडे नेली. बैगानं तीन दिवस लिंबं कापली, राख फुंकली, झाडावरचं काहीतरी पोरीला झोंबलंय म्हणाला. चौथ्या दिवशी गाडी परत आली तेव्हा बकाराम बैलांच्या पुढून पायी चालत होता. त्यावरूनच रुख्मा काय ते समजली.

त्या गोष्टीवर ती नवऱ्याशी पुन्हा कधी एक शब्दही बोलली नाही. बाकी सगळ्या गोष्टींवर मात्र बोलली. मीठ जास्त झालं, दोर ओला राहिला, कोंबडी अंगणात आली, सगळ्यावर. आठ वर्षं.

छप्पन साली कार्तिकात उशिरा येणारा भारी धान पिकायला आला होता. एका संध्याकाळी, दिवस बुडाल्यावर, पश्चिमेला आभाळात एक पांढरा गोळा दिसला. चांदणीपेक्षा मोठा, चंद्रापेक्षा लहान, आणि चकचकीत. गावातली माणसं पारावर, अंगणात, शेताच्या धुऱ्यावर उभी राहून माना वर करून पाहत राहिली. तो हळूहळू सरकत गावावर आला आणि पाहता पाहता फुटल्यासारखा विझला. कोणी म्हणालं तारा तुटला, कोणी म्हणालं आभाळाचा डोळा मिटला. रुख्मानंही पाहिला. ती म्हणाली, "का होतं कोन जाने," आणि भाकरी थापायला आत गेली.

सकाळी बकाराम शेतावर गेला आणि धावत परत आला. त्याला धावताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

मधल्या बांधीत, उभ्या धानात, एक पांढरी पेटी पडली होती. वीतभर रुंद, पुठ्ठ्यासारखी. तिला लांब दोरी, दोरीला लाल कागदाची फाटकी छत्री, आणि टोकाला वाळल्या आतड्यासारखी रबराची चिंधी. पेटीच्या अंगाला इवलीशी भिंगरी होती. वारा आला की ती फिरायची आणि आतून टिक टिक आवाज यायचा.

"जीव आहे याच्यात," कोणीतरी म्हणालं, आणि तेवढं पुरलं.

दुपारपर्यंत गाव लोटलं. तिसऱ्या दिवशी कामठ्याहून माणसं आली, पाचव्या दिवशी गोंदियाहून टांगे. गावातला किराणावाला दुलीचंद फार हुशार माणूस. त्यानं चार बांबू रोवून मांडव घातला, पेटीवर डबाभर शेंदूर थापला आणि धुऱ्यावर नारळांचं पोतं उघडून बसला. "आकाशदेव है भाई, सीधे ऊपर से आये हैं," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आणि पुजारी कोण? बकाराम. देव त्याच्या बांधीत उतरला, त्यालाच आधी दिसला. माणसं त्याच्या पाया पडू लागली, बकाराम महाराज म्हणू लागली. जो वाढपी त्याला विसरायचा तोच आता हात जोडून उभा होता.

रुख्मा धुऱ्यावर उभी राहून धान पाहत होती. लोंब्या भरलेला, कापायला आठ दिवस उरलेला धान माणसांच्या पायांखाली चिखलात चालला होता. मधली बांधी गेली. मग रांग वाढली तशी तिच्या बाजूचीही गेली. ती ओरडली, "धुऱ्यावरून चाला ना! डोळे आभाळात ठेवले का?" माणसं क्षणभर थांबायची आणि ती वळली की पुन्हा धानात शिरायची.

सातव्या दिवशी गर्दी कमी असताना ती पेटीपाशी जाऊन वाकून पाहून आली. ती काही नास्तिक नव्हती. दुल्हादेवाला दरसाल कोंबडं द्यायची, धुऱ्यावरच्या मातेला पहिली पेंढी वाहायची. पण त्या देवांना ती ओळखत होती. ते तिच्या सासऱ्याच्याही आधीपासून तिथं होते, धानाच्या कडेला बसायचे, धानात नाही. हा कोण? शेंदराखाली, दोरी जिथं पेटीला बांधली होती तिथं, तिला गाठ दिसली. जन्मभर पेंढ्या बांधणाऱ्या बाईला गाठ कळते. दोन वेढे, एक अडकण आणि टोक आत खोचलेलं.

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "तुमचा देव कोन्या मानसानं बांधला आहे."

बकाराम म्हणाला, "असन."

"असन? मंग पूजा काऊन करून राहिले?"

तो तांब्या घेऊन निघून गेला. रुख्माला राग आला, पण त्या रागात काहीतरी नवीन होतं. या माणसाला माहीत आहे आणि तरी तो बसतो. दिवसभर पेटीपाशी तोंड नेऊन पुटपुटत बसतो. काय पुटपुटतो ते कोणालाच ऐकू येत नाही.

अकराव्या दिवशी सोमवार होता. भर दुपारी दीडशे माणूस बांधीत उभं होतं आणि दुलीचंद चौथ्या बांधीत ओट्यासाठी विटा उतरवून घेत होता. रुख्मानं ते पाहिलं आणि कमरेचा विळा काढून ती सरळ गर्दीतून चालत गेली. माणसं आपोआप बाजूला झाली. तिनं मांडवाचे दोर कापले. बांबू कलला.

"अरे बाई, पाप लगेगा!" दुलीचंद ओरडला.

"पाप लागाचं असतं तं तुह्या नारळाच्या पोत्याले आधी लागलं असतं," ती म्हणाली आणि पेटीला हात घालायला वाकली.

बकाराम मधे उभा राहिला. लग्नाला तीस वर्षं झाली होती. तो तिच्या वाटेत कधी उभा राहिला नव्हता.

"आज नोको," तो म्हणाला. "मले अजून इचाराचं आहे."

तेव्हा रुख्माचं जे काही आठ वर्षं आत कोंडलेलं होतं ते फुटलं. ती त्याला कधी अरेतुरे करत नसे. त्या दिवशी गावासमोर केलं.

"का इचारतेस रे तू याले? माही पोट्टी तापानं फणफणत होती तवा कोठी होता हा? तवा याले वाट नाही सापडली? मी अंथरुणातून ओरडून राहिलो होतो, गोंदियाले ने, गोंदियाले ने. तू बैगाच्या दारी नेलीस. लिंबं कापत बसलास! एका देवानं माही पोरगी नेली, आता हा दुसरा माहा धान खाते. अना तू त्याचीच पूजा करतेस?"

 भिंगरी तेवढी फिरत होती.  बकाराम बाजूला झाला.

रुख्मानं पेटी टोपल्यात टाकली, टोपलं डोक्यावर घेतलं आणि गोंदियाची वाट धरली. चार कोस. पहिल्या ओढ्यापाशी तिनं मागं पाहिलं तर बकाराम वीस पावलांवर होता. ती थांबली तर तोही थांबला. ती चालली तर तोही चालला. सगळी वाट तसंच.

सरकारी वस्तू असेल तर सरकारी माणूस ओळखेल, एवढाच तिचा हिशेब होता आणि सरकारी घर म्हणून तिला डाकघर तेवढं माहीत होतं. डाकबाबू चष्मेवाला, वयस्क माणूस होता. त्यानं खोबरेल तेलाच्या चिंधीनं शेंदूर पुसला. खाली छापलेली अक्षरं निघाली. ती वाचून तो हसला.

"बाई, हे हवामान खात्याचं यंत्र आहे. नागपूरहून फुगा सोडतात, त्याला बांधलेलं असतं. वर जाऊन हवा मोजतं, मग फुगा फुटला की खाली येतं. सापडलं तर डाकघरात द्या असं लिहिलंय. बरं केलंत."

"हवा मोजून का करतेत?"

"पाऊस कधी येईल ते कळतं त्यावरून."

"मंग ऐन रोवण्यात पाऊस दडी मारते तवा आमाले काऊन नाही सांगत?" रुख्मा कडाडली. "अना फुगा सोडाचा तं आपल्या घरावर सोडा म्हना. माह्या दोन बांध्या गेल्या!"

डाकबाबू गडबडला. तेवढ्यात दारात उभा असलेला बकाराम आत आला. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"साहेब," तो म्हणाला, "किती वर जाते हे?"

"दहा-बारा मैल तरी."

"तठी याले कोनी भेटते का?"

"कोणी म्हणजे?"

"मानसं. लहान... लेकरं वगैरे."

डाकबाबूनं चष्मा काढला. "नाही हो," तो म्हणाला. "तिथं कोणी नाही. नुसती थंडी. बर्फाहून थंड."

बकारामनं मान हलवली आणि टोपी डोक्यावर ठेवली.

रुख्मा तिथं खांबाला धरून उभी होती. हा अकरा दिवस पेटीपाशी काय पुटपुटत होता ते तिला एका क्षणात कळलं. वरून आलास तर माझी पोरगी पाहिलीस का, एवढंच. तिला रडू यायला हवं होतं. तिला राग आला. असा राग की पायाखालची फरशी तापल्यासारखी वाटली. डाकबाबूचा राग आला, इतक्या सहज नाही म्हणाला म्हणून. त्या बारा मैलांचा राग आला, एवढं मोठं आभाळ आणि आत काही नाही म्हणून. आणि सगळ्यात जास्त या टोपीवाल्याचा.

परतीच्या वाटेवर तो पुन्हा वीस पावलं मागं राहायला लागला. ती थांबली, मागं चालत गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"पेटीले इचारलंत. मले काऊन नाही इचारलं?"

"तू रागानं पाहत होतीस," तो म्हणाला. "आठ वर्सं. मले वाटलं मी तिचं नाव घेतलं तं तू मले मारून टाकशीन."

"मंग टाकलं असतं! रागानं पाहू द्याचं होतं! पोट्टी माही पन होती ना? एकटेच रडत बसलेत आठ वर्सं, अना मी एकटीच जळत बसलो. हा कोन्या गावचा न्याय आहे?"

"मले बैगाकडं नोको होतं न्याले," बकाराम म्हणाला. "चारचौघं बोलले. मी नाही म्हनू नाही शकलो. मी कधी कोनाले नाही म्हटलं, सांग?"

"तेच," रुख्मा म्हणाली. "तेच तं."

उरलेली वाट दोघंही भांडत गेली. एका बाजूनं नाही, दोन्ही बाजूंनी. वाटेवरच्या गुराख्यांनी नंतर गावात सांगितलं, बकाराम महाराज बायकोवर ओरडत होता आणि बायको त्याच्यावर, आणि दोघंही मधेमधे डोळे पुसत होती.

गावानं त्यांचं काही ऐकलं नाही. डाकघर, नागपूर, फुगा, सगळं रुख्मानं चार वेळा सांगितलं. "देव तिनं सरकारले दिला," माणसं म्हणाली. दुलीचंदनं त्याच जागी एक दगड आणून शेंदूर लावला. रुख्मानं तो उचलून नाल्यात टाकला. त्यानं दुसरा आणला, तोही गेला. तिसऱ्या वेळी बकाराम दगडापाशी गेला आणि दुलीचंदला म्हणाला, "नाही. माह्या बांधीत नाही." गोष्ट एवढीशी, पण दुलीचंद दगड काखेत मारून निघून गेला आणि त्यानं तो आपल्या दुकानामागं बसवला. आजही म्हणे तो तिथंच आहे.

वर्षभर रुख्माला कोणी हळदीला बोलावलं नाही. कोणाची म्हैस आटली तरी तिच्याच नावानं बोटं मोडायचे. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी आभाळात एक चांदणी चालताना दिसली तेव्हा माणसं दबकत तिच्याच अंगणात आली. पेपरात छापून आलंय, रशियानं सोडली, असं कोणीतरी गोंदियाहून ऐकून आलं होतं. "खरं का व?" त्यांनी विचारलं. "मले का माहीत?" ती खेकसली. "मी का तिले सोडाले गेलो होतो?"

गावानं तिचं खरं मानलं ते अठ्ठावन सालच्या माघात. गावातल्या छोटेलालची सून बाळंतपणात अडली होती. दीड दिवस झाला होता आणि आत बैगा धूप घालत बसला होता. रुख्मा दारात उभी राहिली. तिनं जे काय तोंड सोडलं ते गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं. सासू म्हणाली, बाहेरची बाधा आहे, हलवली तर कोप होईल. तेवढ्यात मागं गाडीची चाकं वाजली. बकारामनं न सांगता बैल जुंपून आणले होते.

"देवाचं नाव घ्याचं असन तं गाडीत बसून घ्या," रुख्मा सासूला म्हणाली. "माही हरकत नाही. मोठ्यानं घ्या. पन आधी हिले उचला."

गोंदियाच्या दवाखान्यात सून वाचली. मूल वाचलं नाही. परतताना छोटेलाल गाडीच्या कडेनं चालत होता आणि रुख्माचे आभार मानायचा प्रयत्न करत होता. ती त्याच्यावरच भडकली.

"काल काऊन नाही आनलं?" ती म्हणाली. "काल आनलं असतं तं दोघं असते. कालचा दिवस कोनाले वाहिलास?"

 बकारामनं बैलांना हाक दिली आणि गाडी थोडी जोरात घेतली, कारण सुनेला ऊन लागत होतं.