सगळ्यांची एक जून

रंजिताचा जन्म एक जूनचा. तिच्या थोरल्या भावाचा, संजयचाही. फुलसावंगीकडच्या त्यांच्या तांड्यातली अख्खी शाळाच एक जूनला जन्मली, कारण सदाशिवराव गुरुजींनी नाव घालताना सगळ्यांना तीच तारीख चिकटवून दिली. "तूर फुलावर होती तवा झाली तू," असं याडी, म्हणजे आई मानीबाई, सांगायची; म्हणजे हिवाळ्यात. खोट्या तारखेचा रंजिताला लहानपणापासूनच संताप.

पुसदच्या कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायला लागली तरी तो गेला नाही. आईची बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली गाणी तिनं रेकॉर्ड करून तिथल्या सर्व्हरवर ठेवली. फाइलींना ठेवल्या दिवसाची तारीख लागली, ते तिला खपेना. मग तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. फाइलचं नाव आणि तारीख दिली, की तो थेट सिस्टिमला सांगून ती तारीख बदलून घ्यायचा. कोणतं गाणं कुठल्या होळीचं, कुठल्या लग्नातलं, एकेक तारीख तिनं खरी बसवली. पुढं मानीबाईला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली.

आज सुट्टी काढून ती आईपाशी आली, तर वरचे साहेब मंदार यांचा मेसेज: डिस्क भरली, वर्षापेक्षा जुन्या तारखेच्या फाइली दुपारी बाराला आपोआप उडतील. खऱ्या तारखा बसवलेली सगळी गाणी त्यात जाणार होती. गाण्यांची दुसरी कॉपी कुठंच नव्हती. मंदारसाहेब परीक्षेच्या हॉलमध्ये, फोन बंद.

तांड्यात मेसेजपुरतीच रेंज यायची; सर्व्हर लागायचा तो फक्त पाण्याच्या टाकीवर. ती धडपडत वर चढली. मोबाइलवरून सर्व्हर लागला, तुटला, पुन्हा लागला. एवढ्याशा रेंजवर सगळी गाणी बाराच्या आत उतरणं शक्यच नव्हतं. तारीख बदलायला मात्र एक ओळ पुरे होती.

"झालं काय वं?" खालून संजय ओरडला.

"थांब नं! आधी खऱ्या तारखाइची यादी घेऊन राह्यली, बदलल्यावर त्या जातीन."

हट्टी ती हट्टीच. यादी अर्ध्यात अडकली आणि बारा वाजत आले.

"रंजे, तुले तारखा पाह्यजे का याडीचा आवाज?"

तिला रडूच फुटलं. प्रोग्राम तारीख विचारत होता. आयुष्यभर फॉर्मांवर जी लिहिली तीच बोटांनी टाकली: एक जून, यंदाची. सगळ्या फाइलींना तीच. तिनं बटण दाबलं आणि रेंज गेली.

रेंज आली तेव्हा बारा कधीच उलटून गेले होते. तिनं डोळे मिटूनच फाइलींची यादी दाखवायचं बटण दाबलं. उघडले तर सगळी गाणी जागच्या जागी, शाळेतल्या पोरांसारखी एका तारखेची. तिला गुरुजी आठवले. त्यांच्याही दारात पोरं उभी असतील आणि प्रवेश बंद व्हायला आला असेल. इतकी वर्षं त्यांना नावं ठेवल्याची तिला लाज वाटली.

संध्याकाळी मंदारसाहेबांनी एक गाणं पाठवलं. टाकीवर चढून, मोबाइलवर उतरवून तिनं ते आईच्या उशाशी लावलं. स्वतःचा आवाज ऐकून मानीबाईनं चांगला हात उचलला आणि बोटं फिरवली. कधीचं गं, असं ती खुणेनं विचारत होती.

"एक जून, याडी," रंजिता म्हणाली. "आपल्या सगळ्याइची तीच."