उन्हात धरलेली पाकिटं

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी धडगावच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. शहरातल्या डॉक्टरांनी तिथे क्षयाच्या दोन औषधांची परीक्षा लावली होती. अर्ध्या रोग्यांना रोज सुई, अर्ध्यांना आठवड्याच्या गोळ्या घरी न्यायला. कुणाला काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. रोगी आला की पुढच्या नंबरचं पाकीट फोडायचं, आपली अक्कल चालवायची नाही. ती नेमकी मी चालवली.

पाकिटं स्वस्तातली होती, पातळ. खिडकीत उन्हाला धरली की आतलं वाचता येई. एक दिवस मोलगीच्या वाटेवरच्या पाड्यातली एक बाई समोर बसली होती, पाठीला मूल बांधलेलं. ती फक्त बाजाराच्या दिवशी येऊ शकायची आणि पुढच्या पाकिटात सुई होती. रोज एवढा डोंगर ती तुडवणार कशी? मी ते पाकीट मागे सारलं, गोळ्यांचं काढलं. सारलेलं नंतर गावातल्या शिंप्याला दिलं.

मग सवयच लागली. लांबच्याला गोळ्या, जवळच्याला सुई. पुण्य करतोय असंच वाटायचं. लांबची माणसं पार खंगल्याशिवाय दवाखाना गाठत नाहीत, हे मला माहीत होतं. पण त्यापायी गोळ्याच उण्या दिसतील, हे काही डोक्यात आलं नाही.

वर्षभराने एक वयस्कर डॉक्टर आले. परीक्षा नीट घेतली का, हे तपासणं त्यांचं काम. दिवसभर रजिस्टर चाळून त्यांनी मला बोलावलं.

"गोळ्यांवाले पहिल्या दिवसापासूनच जास्त अशक्त दिसतात. पाकिटं नंबरानेच फोडलीत ना? उणं ठरेल ते औषध बंद होणार, म्हणून विचारतो."

"हो साहेब, नंबरानेच."

नोकरीची भीती होती म्हणावं, तर तीही धड नव्हती. शब्द आपसूक तोंडातून निघाले. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. पद्धत निर्दोष, असा शेरा मारून ते जीपमध्ये बसले.

काही महिन्यांनी गोळ्या बंद झाल्या. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. त्यानंतरच्या बाजाराला ती डोंगरातली बाई आली, गोळ्यांचा रिकामा डबा माझ्यासमोर ठेवून उभी राहिली. अंगावर मांस आलं होतं, खोकला जवळजवळ गेला होता.

"गोळ्या बंद व्हयी गयात, माय. आते रोज सुई लेवाले येनं पडी," मी म्हणालो.

तिची बोली वेगळी, माझी अहिराणी तिला अर्धीमुर्धीच कळायची. 'रोज' मात्र कळलं. तिने डबा उचलला, पाठीवरचं मूल सावरलं आणि गेली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, हे आज जास्त लागतं.

पुढचे चार बाजार ती आली नाही. पाचव्याला मी तिच्या नावापुढे लिहिलं, 'रोग्याने स्वतःहून उपचार सोडले'. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं.