मास्तरांनी बेतलेलं बाथरूम

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कात्रीवाले. बाजाराच्या टोकाला त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि गळ्यात टेप अडकवून त्यांनी तिथे उभा जन्म काढला. सुईत दोरा ओवायला डोळे साथ देईनात, तेव्हा दुकान दुसऱ्याच्या हवाली करून ते घरी बसले. बसले हे आपलं म्हणायचं. पोराचा शर्ट खांद्यातून उतरतोय, पडद्याची खालची पट्टी वाकडी गेलीय, हे त्यांना जेवतानाही दिसायचं, आणि दिसलेलं बोलून टाकल्याशिवाय घास खाली जायचा नाही. घरात मुलगा, सून आणि बायको. बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची आणि त्याही त्या नावाला शोभतील अशाच होत्या. मास्तरांना गप्प बसवायची कला जगात फक्त त्यांना येत होती.

त्या मास्तरीणबाई एका सकाळी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. काठी टेकत टेकत त्या पुन्हा स्वयंपाकघरापर्यंत पोचल्या, भाजी चिरायला लागल्या, सगळ्यांवर ओरडायलाही लागल्या, तेव्हा घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण एका जागी एकटीने जायची त्यांना बंदी होती, ती म्हणजे बाथरूम. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, तो उंबरा आणि ती फरशी आहे तोवर सोबत कुणीतरी हवंच.

डॉक्टरांचं तरी काय चुकलं? बाथरूम घराइतकंच जुनं. वीतभर उंच उंबरा, साबणाचं पाणी पडलं की पाय ठरू न देणारी गुळगुळीत फरशी, भिंतीवर एकेकाळी गुलाबी असलेल्या टाईल्स आणि त्यांतल्या निम्म्यांना तडे. लाकडी दार खालून फुगलेलं, खांद्याने रेटल्याशिवाय लागायचं नाही. आधाराला धरायचं म्हटलं तर एक नळ, तोही सैल.

मग रोज सकाळी सून सासूला आंघोळ घालायची. सून गुणाची हो. पाणी आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघायची, पाठ हलक्या हाताने चोळायची, सासूला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून सगळा वेळ गप्पा मारायची. तक्रारीला जागाच नाही, आणि मास्तरीणबाईंची पंचाईत नेमकी तीच होती. ज्या बाईने वयात आल्यापासून सख्ख्या आईसमोरही कपडे बदलले नव्हते, ती रोज सुनेसमोर बसून भिंतीकडे बघत "हो का?", "बरं झालं" म्हणायची. हळूहळू त्यांनी आंघोळच टाळायला सुरुवात केली. आज थंडी वाजतेय, आज डोकं जड आहे, आज नको, उद्या बघू. स्वच्छतेपायी जिने आयुष्यभर घराला भंडावून सोडलं, ती बाई दोन-दोन दिवस तशीच बसू लागली.

एका दुपारी मास्तरांनी विचारलंच. "सून काही बोलली का तुला?"

"तिने काय बोलायचं? लेकीसारखं करते." मास्तरीणबाई मटार सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "मला एकदा दार लावून आंघोळ करायचीय हो. एकटीने. एवढंच. कुणाची तरी नजर असल्याशिवाय अंगावर पाणीच पडत नाही माझ्या. जाऊ द्या, तुम्ही नका मनावर घेऊ."

मास्तरांनी मनावर घेतलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाथरूमची कामं करणाऱ्या कंत्राटदाराला बोलावलं. त्याने चपलाही न काढता दारातूनच आत डोकावलं, मोबाईलवर दोन-चार आकडे बडवले आणि जो खर्च सांगितला तो ऐकून मास्तरांचे डोळे पांढरे झाले. मुलगा म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणे! ही तरुण मंडळी म्हाताऱ्यांपुढे वर्षांच्या गोष्टी अशा करतात, जशी ती घडी घालून कपाटात ठेवलेली आहेत. मास्तरांनी ठरवलं, आपणच करायचं.

"बाबा, हे काय शर्टाला बटण लावणं आहे का?" मुलगा म्हणाला.

"तू आधी बटण लावून दाखव," मास्तर म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला.

नळाचं आणि पाइपांचं काम त्यांनी प्लंबरवर सोपवलं, तेवढी अक्कल त्यांना होती. बाकी सगळं स्वतः. पण कामाला लागण्याची त्यांची तऱ्हा बघून घरच्यांना हसावं की रडावं कळेना. कारण मास्तरांनी खाकी कागदाला कागद जोडून अख्ख्या बाथरूमच्या फरशीचा साचा कापला. पाणी जायच्या जाळीपाशी गोल भोक, चौकटीपाशी खाच, आणि भिंत जिथे आत शिरली होती तिथे कागदही तेवढाच आत. ही घडी काखेत मारून ते टाईलच्या दुकानात गेले आणि तिथल्या जमिनीवर कागद अंथरला.

"काका, लांबी-रुंदी सांगितली असती तरी चाललं असतं," दुकानदार म्हणाला.

"नसतं चाललं. भिंत वाकडी आहे. आणि मला ताग्यातलं नकोय, कटपीस दाखवा."

दुकानदाराला उमजायला जरा वेळ लागला, पण मग तो त्यांना मागच्या गोदामात घेऊन गेला. लोकांच्या कामांतून उरलेल्या टाईल्सची खोकी तिथे धूळ खात पडली होती आणि ती गेली तर बरीच, अशा भावात होती. भिंतीसाठी मास्तरांनी सगळी पांढरी खोकी निवडली. पांढरी म्हणजे लांबून. जवळून पाहिलं तर एक दुधाळ, एक राखाडीकडे झुकलेलं, एक किंचित हिरवट. जमिनीसाठी मात्र त्यांनी एकेक टाईल हातात घेतली आणि कापडाचा पोत बघतात तसा तिच्यावरून अंगठा फिरवून, त्यातल्या त्यात खरखरीत होती तीच घेतली.

मग छिन्नी आणि हातोडा. उंबरा फोडायला त्यांच्या नाकी नऊ आले. मुलगा आधी लांबून बघत होता, मग सुट्टीच्या दिवशी मुकाट्याने राडारोडा पोत्यांत भरून खाली नेऊ लागला. घरातली धडधाकट माणसं टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांकडे आंघोळीला जायची, मास्तरीणबाईंचं अंग सून खोलीतच ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. टाईल चिकटवायच्या मसाल्याच्या पोत्यावरची बारीक अक्षरं मास्तरांना दिसत नव्हती, ती सून वाचून दाखवायची. किती पाणी, किती वेळ घोटायचं, किती वेळ हात लावायचा नाही. पाणी जाळीकडेच वळावं म्हणून जमिनीला ढाळ द्यायचा होता. तो मास्तरांनी दोनदा उकरून तिसऱ्यांदा जमवला आणि वर तांब्याभर पाणी ओतून ते गुपचूप जाळीत जाताना बघत गुडघ्यांवर बसून राहिले.

फजितीही झालीच. कडेच्या टाईल्स कापून आणल्या, तर एकही जागेवर बसेना. प्रत्येक टाईल अर्धं बोट जास्त.

"बाबा, एवढं का जास्त ठेवलंत?" सुनेने विचारलं.

"शिलाईत जायला..." म्हणता म्हणता मास्तर थांबले.

सून हसून हसून खाली बसली. बाहेरून मास्तरीणबाईंनी ओरडून विचारलं काय झालं, तेव्हा ती म्हणाली, "आई, बाबा फरशी दुमडून शिवायला निघालेत!" मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

शेवटी राहिल्या भिंतीवरच्या धरायच्या दांड्या, ज्यांच्यावर सगळं अवलंबून होतं. एक उभं राहून धरायची, एक बसता-उठताना. मास्तरीणबाई म्हणाल्या, "माझं माप घ्या एकदा."

"तुझं माप? ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल." ही मास्तरांची जुनी बढाई होती. उभ्या संसारात त्यांनी बायकोला कधी टेप लावली नव्हती. लग्न झाल्यावर नुसत्या नजरेने माप घेऊन तिच्यासाठी पहिला कपडा शिवला होता आणि तो तिला असा बसला होता की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ती गोष्ट ऐकवली होती. त्याच भरवशावर त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या, भोकं पाडली आणि दांड्या घट्ट बसवल्या.

काम वाळल्यावर मास्तरीणबाईंना कपड्यांनिशी आत नेऊन दाखवलं. उंबरा नव्हताच, काठी सरळ आत गेली. दार खालून रंधा मारून हलकं केलेलं, एका बोटाने लागत होतं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, दांडी धरली आणि म्हणाल्या, "छान झालंय हो. खरंच छान." मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई सुनेला हळूच म्हणाल्या, "आज ये हं माझ्याबरोबर आत. पहिलाच दिवस आहे."

पहिला दिवस गेला, आठवडा गेला, तरी सून आत जातच होती. मास्तर आधी रुसले, मग चिडले, मग त्यांना काही सुचेनासं झालं. शेवटी एका दुपारी त्यांनी बायकोला बाथरूममध्ये नेलं आणि म्हणाले, "धरून दाखव बघू दांडी. आंघोळीला उभी राहशील तशी."

मास्तरीणबाईंनी हात वर केला. कोपर वर, मनगट त्याहून वर, बसमध्ये डोक्यावरची कडी धरून उभं राहावं तसा. अशा हातावर कोण भार टाकणार? मास्तरांनी दांडीकडे बघितलं, मग बायकोकडे. दांडी त्यांनी ठरवली होती तिथेच होती. बायको खाली गेली होती. पाठ वाकली होती, खांदे पुढे आले होते, आणि रोज तिच्यासमोर बसून जेवणाऱ्या या शिंप्याला ते दिसलं नव्हतं.

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे राबलात. गुडघे सोलून घेतलेत. कुठल्या तोंडाने सांगू?"

मास्तर बाहेर गेले आणि कपाटातून टेप घेऊन आले. "सरळ उभी राहा."

"हे माझं सरळच आहे आता," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तर खाली बसले. टेपचं एक टोक तिच्या टाचेपाशी धरलं, दुसरं मनगटापर्यंत नेलं. सवयीप्रमाणे आकडा मोठ्याने म्हणायला गेले आणि मधेच अडले. मास्तरांना रडू आलं. डोळ्यांत पाणी येणं वगैरे नव्हे, चांगलं हुंदके देऊन रडू आलं. आपल्या बायकोचं म्हातारपण आपल्याला टेपवर वाचावं लागलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मास्तरीणबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "एवढी कमी झाले का हो मी?"

"धुवून धुवून कापड आटतंच थोडं," मास्तर नाक पुसत म्हणाले.

"चांगलं असलं तरी?"

"अस्सल असलं की जास्तच आटतं."

मग त्यांनी तिला बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. गुडघा किती उंचीवर येतो, त्यावर स्टूल. "हात पुढे कर. दुखेल तिथे थांब." जिथे दुखलं त्याच्या चार बोटं अलीकडे साबणाची जागा. दांड्या काढून खाली बसवल्या. भोकं पडलेल्या टाईल्स फोडून काढाव्या लागल्या आणि त्या जागी लावायला उरल्या होत्या फक्त हिरवट. पांढऱ्या भिंतीत ते चौकोन चांगलेच उठून दिसत होते.

"ठिगळ दिसतंय, बाबा," मुलाने नाक मुरडलं.

"ठिगळच आहे ते," मास्तर म्हणाले.

सगळं पक्कं वाळल्यानंतरच्या सकाळी मास्तरीणबाईंनी टॉवेल आणि कपडे स्वतःच्या खांद्यावर टाकले. सून उठायला लागली, तिला हातानेच बस म्हणाल्या. काठी टेकत आत गेल्या. दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मुलगा ऑफिसला निघायच्या घाईत टॉवेल घेऊन उभा होता, तो म्हणाला, "आतून कडी कशाला लावली आईने?" मास्तर दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आत पाणी पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. स्टूल सरकलं तेव्हा मास्तर खुर्चीतून अर्धे उठले, पण पाणी पुन्हा पडायला लागलं.

मग पाणी थांबलं ते थांबलंच. बराच वेळ आतून काही ऐकू येईना. मास्तर उठून दाराला कान लावून म्हणाले, "अगं?" काही नाही. "अगं, ऐकतेस ना? पडलीस का?"

"ओरडू नका," आतून आवाज आला. "झाली माझी आंघोळ."

"मग ये की बाहेर."

"कपडेही घालून झालेत."

"मग आत काय करतेयस?"

"काही नाही. एकटी बसलेय. बसू द्या ना जरा."

मास्तर पुन्हा खुर्चीवर बसले. सूनबाई डोळे पुसत स्वयंपाकघरात निघून गेली. मुलाने घड्याळाकडे पाहिलं. "बाबा, मला उशीर होतोय."

"आज पारोसा जा," मास्तर म्हणाले.

मुलगा पारोसाच गेला.