चकवा लागलेले

आमचे सर कॉलेजच्या प्रयोगशाळेत तलावाच्या गाळातले जिवाणू वाढवत. या जिवाणूंच्या अंगात चुंबकी स्फटिकांची माळ असे. काचेजवळ चुंबक धरला की सारे एकाच दिशेने पोहत. काही मात्र वाढता वाढता ती माळ गमावत आणि भरकटत. मी ते फेकायला निघाले की सर बाटली हातातून काढून घेत. “काहून फेकून राहिली वं? चकवा लागला यायले. कोणतं जनुक बिघडलं, ते हेच सांगतीन.”

एका दुपारी सीताबर्डीच्या बाजारात वाट चुकलेल्या आपल्या म्हाताऱ्या वडिलांना हाताला धरून ते आले. वडील मुलालाही ओळखत नव्हते. सरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि ते भरकटलेले जीव दाखवले.

वडील बराच वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, “यायले कोणी शोधून राहिलं का गा?”

“मी शोधून राहिलो ना, बाबा.”