जंतू आणि जंत

सून मोरीत पडली. दुपारचे बारा वाजले असतील. हाक मारली तर उत्तर नाही, म्हणून दार ढकललं. भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे, ओठ पांढरे. हात धरला तर गार आणि घामानं ओला. हिरड्यांतून रक्त येत होतं. "अत्ते, उभं राहवत नाही," एवढं म्हणाली आणि मान टाकली. ताप त्याच सकाळी उतरला होता. माझ्या औषधानं उतरला, असं मी शेजारणीला सांगूनही आले होते.

औषध म्हणजे एरंडेल. दोन दिवस, सकाळी गरम कॉफीतून. वरून वावडिंगाचा काढा.

का दिलं ते सांगते. म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या आमच्या घरी नळाला एक दिवसाआड पाणी येतं, म्हणून मागच्या दारी पिंप भरून ठेवलेलं असतं. सून पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. दिवसभर पाय मशीनच्या पायट्यावर, आणि मशीनखालच्या अंधारात डास. भर दिवसा तिचे घोटे फोडून काढायचे. तिला ताप आला तेव्हा मी नातीला, म्हणजे तिच्याच मुलीला, पुण्याला फोन लावला. नात तिथं डासांवरच शिकत होती. पूर्वी ती आमच्यासारखीच अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलायची. पुण्याला गेली आणि शुद्ध बोलायला लागली. म्हणाली, "आज्जी, डासाच्या पोटात जंतू असतात. तो चावला की ते माणसाच्या अंगात जातात. आईचं रक्त तपासून घ्या."

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही कन्नड शाळेत. मराठी वाचायला घरी शिकले. म्हैसुरात जंतू म्हटलं की जंतुहुळ, म्हणजे पोटातले जंत. शाळेत पोरांना त्याच्याच गोळ्या देतात. जन्मभर मी तेच ऐकलं. मग रक्त कशाला तपासायचं? जंत काय रक्तात सापडतात?

मुलगा म्हणाला, "आई, डॉक्टरकडे नेऊ का?"

"तुला लहानपणी जंत झाले तेव्हा नेलं होतं डॉक्टरकडे?"

मी बोलले की आमच्या घरात सगळे गप्प बसतात. हाही एक रोगच.

रिक्षातून सुनेला दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलासा होता. "अज्जी, येन कोट्रि?" काय दिलंत, म्हणून त्यानं विचारलं. सांगितलं. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाला, या तापात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो. नसांतलं पाणी झिरपून बाहेर जातं, माणूस गार पडतो. "आणि उरलेलं पाणी तुम्ही पोटावाटे काढलंत," असं तोंडावर बोलला. मला राग आला. बोलण्यात चूक नव्हती, म्हणून जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात आली. सलाईन चालूच होतं, सूनबाई डोळे उघडत नव्हती. नातीनं एरंडेलाचं ऐकलं आणि व्हरांड्यात माझ्यावर ओरडली. "आज्जी, जंतू! जंत नव्हे. डोळ्यांना दिसत नाहीत ते!"

"मग दिसत नाहीत असं सांगायचं. कन्नडात सांगायचं. इंग्लिशमध्ये सांगायचं. शुद्ध बोलायचा सोस कुणाला होता?"

"मी रक्त तपासा म्हटलं होतं."

"डासाचं पोट फाडून बघतेस रोज. आईचं पोट कसंय हे एकदा तरी विचारलंस? दोन दिवस पाण्यासारखं होत होतं तिला."

ती रडायला लागली. मला रडणं चालत नाही. मी तिला बाकावर बसवलं आणि म्हटलं, आता नीट सांग, त्या डासाच्या आत आहे तरी काय.

तिनं सांगितलं. तापाचा जंतू डासात वाढतो, पण डास त्यानं मरत नाही. डासाच्या पोटात आणखीही जंतू असतात, तो ज्या पाण्यात वाढला त्यातले. त्यांतले काही तापाच्या जंतूला मदत करतात, काही आडवे येतात. आणि एक जात अशी आहे, की डासाच्या अंगातच घर करून राहते, आईच्या अंड्यातून पिल्लांत जाते. ती असली की तापाचा जंतू नीट वाढत नाही, मग डास चावला तरी ताप देत नाही सहसा.

"मग आमच्या मशीनखालच्यांना ती का नाही?"

"या जातीच्या डासात ती आपोआप नसते, आज्जी. घालावी लागते."

"घाला की मग. कुणी हात धरलाय?"

"इतकं सोपं नाही ते."

"एरंडेल मात्र सोपं होतं," मी म्हटलं.

डासाला आतून राखणारा कुणीतरी घालता येतो, आणि माझ्या सुनेला राखायला मी होते. याचा राग अजून गेलेला नाही. कुणावर काढायचा तेही कळत नाही. पिंपाला झाकण नव्हतं, ते मी कधी आणलं नाही. तीन पिढ्या आमच्या घरात दोन भाषा आहेत, आणि नड आली तेव्हा एकीचाही उपयोग झाला नाही.

दोन दिवस रक्तातल्या पेशी खालीच जात राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या थांबल्या. चौथ्या दिवशी सून उठून बसली आणि पेज मागितली. आठवड्यानं तिला घरी आणलं.

ती वाचली, सलाईनमुळे.