आबाजींनी दाखवलेली दान

दिनांक ९ फेब्रुवारी १९५६, सकाळी सहा. आबाजी गाडीच्या दांडीवर हात ठेवून अंगणात उभे होते. त्यांना घेतल्याशिवाय गाडी हलणार नाही, हे तोवर घरातील सर्वांना कळून चुकले होते.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. वय ऐंशीच्या घरात, गुडघे वाकलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरच्या माणसाचा आकार त्यांना दिसे, चेहरा दिसत नसे. कान मात्र शाबूत होते. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्या बाजूला, जंगलाच्या कडेने आमची धानाची शेती होती. मी बावीस वर्षांचा होतो. मूल गावच्या एका धानगिरणीत नोकरीला होतो आणि पटासाठी सुटी घेऊन गावी आलो होतो.

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. धान घरात आले आणि बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, मोकळ्या झाल्या की आमच्याकडे गावोगाव पट भरत. शेजारी-शेजारी आखलेल्या दोन सरळ वाटांवरून दोन जोड्या एकदम सुटत. या वाटेला आम्ही दान म्हणतो. प्रत्येक जोडीमागे हलकी छकडी आणि तिच्यावर एक हाकणारा.

आमच्या घरची एक रीत होती. ज्याने जोडी वाढवली, त्याने पळण्याआधी तिला दान पायी दाखवायची. माणूस पुढे, बैल मागे. टोकाला पोहोचल्यावर दोघांना गुळाचा खडा द्यायचा. मग बैल परत सुरुवातीला न्यायचे आणि माणसाने त्या टोकाशीच थांबून हाक द्यायची. जोडी हाकेकडे पळे. आबाजींनी उभ्या आयुष्यात पटाच्या जोडीला चाबूक लावला नव्हता. ही जोडी, एक पांढरा आणि एक तांबडा, त्यांनी गोऱ्हे असल्यापासून स्वतःच्या हाताने चारली होती. रोज सकाळी ते तिला बांधावरून फिरवीत. ते थांबले की जोडी थांबे, ते निघाले की निघे. हा तिचा पहिला पट होता. आपल्या हातून आता दुसरी जोडी तयार होणार नाही, हे आबाजी जाणून होते.

माझ्या काकांना ही रीत नको होती. त्यांना पट जिंकायचा होता.

"बाबा, तुमी घरीच राहा," काका म्हणाले. "तिथी गर्दी राह्यते, ढकलाढकली राह्यते."

"मंग जोडीले दान कोण दाखवन?"

"मी दाखवतो."

"तुह्या मागं येतीन ते?"

"न याले काय झालं? चाबूक घेतला हाय संगं."

आबाजींनी दांडीवरची मूठ आवळली. "मी चालतो," ते म्हणाले.

काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत भाऊ, छकडी हाकणार होता. तो हसून म्हणाला, "घ्या ना बसवून. नाई तं सांज होईन इथीच."

काकांनी माझ्याकडे बोट केले. "हे तुह्या हवाली. यायच्या पायी बारी गेली तं मी तुले इचारीन."

आम्ही निघालो. शेतीच्या बैलांची गाडी पुढे आणि पटाची जोडी जुवाशिवाय मागे बांधलेली. जंगलात पळस पेटला होता. बांध्यांत लाखोळीचे पीक उपटणाऱ्या बाया मान वर करून जोडी पाहत आणि एकमेकींना दाखवीत. वाटेत इतर जोड्या भेटू लागल्या, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरांचे पट्टे. आमची छाती फुगली होती. मी ते कबूल करतो.

आबाजी दर वळणाला विचारीत, "कुठी आलो?" मी सांगे. पुढच्या वळणाला पुन्हा तोच प्रश्न. शेवटी चुलत भावाने सांगितले, "आबाजी, काशीले आलो."

"काशीले आलो तं शेणाचा वास काऊन येऊन राह्यला?"

गाडीतले सर्व हसले. काका हसले नाहीत.

पटाच्या मैदानावर माणसे मावत नव्हती. झाडांवर माणसे, गाड्यांवर माणसे. भज्यांच्या कढया, जिलेबीची दुकाने, धुळीचा लोट, ढोल. पंचांपैकी एक जण पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून जोड्यांची नावे पुकारीत होता. जोडी सुटली की ती टोकाला जाईपर्यंत श्वास घेण्याचे भान राहत नसे. मी तोवर अनेक पट पाहिले होते. आमची जोडी असलेला हा पहिला.

दुपार कलल्यावर आमची बारी पुकारली गेली.

आबाजी पुढे झाले. मी त्यांचे कोपर धरले.

"हात सोड. चोराले धरल्यावानी धरून राह्यला."

मी सोडले आणि अर्धे पाऊल मागे राहून चालू लागलो. काठीने दानीची कड चाचपीत ते निघाले. मागे दोन्ही बैल, माना खाली घालून, त्यांच्याच चालीने. ती चाल काय होती, हे आज मला ठाऊक आहे. आज माझे वय त्यांच्या तेव्हाच्या वयापुढे गेले आहे. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी त्याचा विचार करावा लागतो. पाहणाऱ्याला तो विचार दिसत नाही, विलंब दिसतो. नातवंडे माझे कोपर धरतात तेव्हा मीही ते सोडवून घेतो.

लोकांना प्रथम गंमत वाटली.

"अरे, पट हाय का वरात?"

"नवरदेव कुठी हाय?"

"ह्या चालीनं पुढच्या साली पोहोचन बुढा!"

आबाजींनी मान वळवली नाही. माझे कान तापले होते. अर्धी दान संपली असेल नसेल, आबाजी थांबले. त्यांच्या उजव्या वहाणेचा अंगठा तुटला होता. पाय मातीत घसरला, काठीवर भार आला आणि ते हळूच खाली बसले. भर दानीत. बैल थांबले. पांढऱ्याने मान वाकवून त्यांच्या मुंडाशाला नाक लावले.

आता हसणे बंद झाले आणि ओरडा सुरू झाला. भोंग्यातून आवाज आला, "दान खाली करा! बारी जाऊन राह्यली!" सुरुवातीच्या टोकावरून काका दोन्ही हात हलवून ओरडत होते, "उचल त्याईले! उचलून ने!"

उचलणे अवघड नव्हते. आबाजींचे वजन एका पोत्याइतकेही नव्हते. ते तुटलेला अंगठा बोटांनी चाचपीत होते आणि पुन्हा भोकात बसवू पाहत होते. मी त्यांच्या समोर खाली बसलो.

"आबाजी, काय करू?"

"दम घेऊ दे. वहाण तू घे. मी एकाच वहाणेनं येतो."

आमच्याबरोबर सुटणारी दुसरी जोडी मुलच्या बाजूची होती. हाकणारा जाडजूड, मिशाळ माणूस. त्याच्या छकडीशी जाऊन पंचाने सांगितले, तू एकटाच पळव, बारी तुझी. हे मी नंतर ऐकले. त्याचे उत्तर मात्र मी दानीच्या मध्यावर बसून स्वतःच्या कानांनी ऐकले. त्याला भोंग्याची गरज नव्हती.

"रिकाम्या दानीसंगं पळू काय मी? बुढ्याले पोहोचू द्या! ज्याले घाई हाय त्यानं घरी जाऊन भात रांधावा!"

मैदानभर हशा पिकला. या वेळचा हशा निराळा होता. भोंगा गप्प झाला.

आबाजी उठले. मी हात पुढे केला नाही. फक्त जवळ ठेवला. त्यांनी तो स्वतः धरला, उभे राहिले आणि सोडला. एक वहाण पायात, एक माझ्या हातात. कडेच्या गर्दीतून कोणी म्हणाले, "चला आबाजी!" मग दुसऱ्याने म्हटले. मग ते शब्द दानीच्या दोन्ही बाजूंनी आमच्याबरोबर सरकत गेले आणि आम्ही टोकाला पोहोचलो तेव्हा लोक शिट्ट्या वाजवीत होते. आबाजींनी कनवटीचा गूळ काढला आणि दोन्ही बैलांना चाटवला. मागून आलेला चुलत भाऊ बैल घेऊन सुरुवातीला परत गेला.

मी आबाजींना दानीच्या बाजूला उभे केले. तेवढ्यात शेजारचा एक शेतकरी माझ्या कानाशी आला. "भाऊ, जोडी तिथी थांबन पाहा. बुढा बसला ना, तिथी."

जोडी आबाजींच्या मागून दान शिकली होती. दानीबरोबर ती त्यांचे थांबणेही शिकली असणार. दूरच्या टोकाला काकांच्याही ते ध्यानात आले होते. त्यांनी चुलत भावापुढे चाबूक धरलेला मला दिसला. त्याने तो घेतला नाही. काकांनी पुन्हा धरला. त्याने मान हलवली आणि कासरा हाताला गुंडाळला.

झेंडी पडली.

"येऽऽ बाऽऽ!" आबाजींनी हाक दिली.

दोन्ही जोड्या सुटल्या. घुंगरांचा एकच आवाज, धूळ, ढोल, हजार गळे. आमची जोडी पुढे होती! पहिल्या झेपेतच अर्धी छकडी पुढे. मी काय ओरडत होतो ते मला आठवत नाही. मातीत चार खूर एकदम पडताना दिसत होते आणि चुलत भाऊ छकडीवर जवळजवळ आडवा झाला होता.

ती जागा आली. पांढऱ्याने मान खाली घातली. तांबडा अडखळला. छकडी तिरपी झाली. गर्दीच्या तोंडून एकच उसासा निघाला आणि मुलची जोडी पुढे निघून गेली.

आबाजींना घुंगरे मंदावलेली ऐकू आली. "थांबले?"

"थांबले."

"कुठी?"

"तुमी बसले होते तिथी."

त्यांनी काठी माझ्या हातात दिली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली. ऐंशी वर्षांच्या छातीत तो आवाज कुठे राहिला होता, देव जाणे. "येऽऽ बाऽऽ!" पांढऱ्याने मान उचलली. जोडी उसळली. ती तेव्हा जशी पळाली, तशी जोडी मी त्यानंतर पाहिली नाही. मधले अंतर पाहता पाहता आटले. छकडीला छकडी लागली, मग खांद्याला खांदा. धुळीतून चार मस्तके आमच्यावर चालून आली. मी आबाजींना मागे ओढायला हात घातला.

"उभा राह्य," ते म्हणाले.

मी उभा राहिलो. मुलची जोडी रेषेवरून गेली आणि पाठोपाठ, एका मानेच्या फरकाने, आमची. चुलत भाऊ कासरा ओढीत होता, पण थांबवले ते त्याने नव्हे. दोन्ही बैल वळले, छकडीसकट आबाजींपाशी आले आणि फुरफुरत त्यांच्या हाताला तोंड लावून उभे राहिले.

काका धापा टाकीत पोहोचले. चाबूक हातातच होता. आबाजींनी विचारले, "कोण आलं पयले?"

"आपुन," चुलत भाऊ म्हणाला.

"खोटारडा. दुसऱ्याईचे घुंगरू आधी गेले. मले दिसत नाई, आयकू येते." आबाजींनी पांढऱ्याची मान चोळली. "पण माह्याकडं आली ना?"

"आली, बाबा," काका म्हणाले. हे काकांनी म्हटले, म्हणून येथे नोंदवतो.

तो मिशाळ माणूस छकडीवरून उतरून आला. त्याने माझ्या हातातली वहाण पाहिली. "आबाजी, मले हरवाचं असन तं पुढच्या साली वहाण मजबूत घालजा."

"तू तुही जोडी मजबूत कर," आबाजी म्हणाले. "तुह्या एका बैलाचा डावा खूर अवघडून पडते. मी आयकला."

तो माणूस मोठ्याने हसला आणि स्वतःच्या बैलाचा खूर पाहायला गेला.

परतताना आबाजी गाडीत झोपले. जागे झाले की विचारीत, "कुठी आलो?" कधी मी सांगे, कधी चुलत भाऊ. एकदा काकांनी सांगितले.

घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. मी जोडीला पाणी पाजले, पुढ्यात तणीस टाकली. मग ओसरीवर बसून आरी काढली आणि वहाण मांडीवर घेतली. चामडे शोधत होतो. काका गाडीकडे गेले, चाबूक घेऊन आले आणि माझ्यासमोर टाकला.

"याची वादी काप. चांगली हाय."

मी वादी कापली, पाण्यात भिजवली, आरीने भोक मोठे करून आतून ओढली आणि खाली गाठ मारली. ओढून पाहिली. सुटली नाही. मग दोन्ही वहाणा आबाजींच्या खाटेच्या उजव्या बाजूला, सकाळी त्यांचा पाय जिथे पडे तिथे, ठेवल्या.