आईला पहिल्या रांगेत बसवलं

आईला मी दिल्लीला दादाकडे सोडून आलो, ते विमानाच्या पहिल्या रांगेत बसवून. ही गोष्ट मी पुढे बरेच दिवस लोकांना सांगत होतो आणि सांगताना माझा आवाज आपोआप थोडा वर जायचा. ऐकणारे "वा, झकास" म्हणायचे. मुळात तिला सोडायला का गेलास, हे कोणी विचारत नसे. मीही आपणहून सांगत नसे.

ते आता सांगतो. घाटकोपरची आमची बिल्डिंग पाडायला घेतली. नवी उभी राहीपर्यंत आम्ही मुलुंडला भाड्याच्या जागेत गेलो. एक हॉल, एक बेडरूम, आणि हॉलमध्ये टेबल लावून बसलेली बारावीची मुलगी. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. तिची कॉट कुठेही लावली तरी ती कुणाच्या तरी वाटेत यायची आणि दिवसातून दहा वेळा "मी सरतंय, मी सरतंय" म्हणत ती स्वतःच हलायची. दादाचं दिल्लीत ऐसपैस सरकारी घर होतं, त्याची मुलं शिकायला बाहेर गेलेली. सगळं कसं जुळून आल्यासारखं होतं. "बिल्डिंग होईपर्यंत फक्त. दोनेक वर्षं," असं मी आईला म्हणालो. ती "बरा" म्हणाली. ती मालवणीच बोलते. आयुष्य मुंबईत काढलं, पण घरात तिची भाषा बदलली नाही.

माझ्या बायकोने यात एक शब्दही काढला नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा बाबतीत सगळ्यांचे डोळे आधी सुनेकडे वळतात. बेत माझा होता. आणि ती दोन वर्षंही थाप होती. नव्या घरात बेडरूम दोनच होत्या, एक आमची आणि एक मुलीची. आईला परत आणून ठेवायचं कुठे, याचा मी विचार केला नव्हता असं म्हणवत नाही. केला होता आणि बाजूला सारला होता.

म्हणून ती पुढची सीट. विचारणाऱ्याला सांगायला गुडघे होते, पण खरं काय ते मला तिकीट काढतानाच ठाऊक होतं. तिकिटावर त्या वर्गाला दुसरंच काही नाव होतं. आमच्याकडे मात्र पुढच्या सगळ्याला फर्स्ट क्लासच म्हणतात, आणि मीही आईला तेच सांगितलं. "फर्स्ट क्लासने चाललीस, ऐश आहे तुझी." ती हसली नाही. पिशवीत खाजा भरत होती. खाजा म्हणजे आमच्याकडे जत्रेत मिळतो तो, गुळात आणि आल्यात घोळलेल्या बेसनाच्या कांड्यांचा. दादाला आवडतो.

विमान लहान होतं, मधे एकच वाट असलेलं. दारातून आत शिरलं की लगेच दोन रांगा रुंद खुर्च्यांच्या, वाटेच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन. त्यांच्या मागे एक पडदा आणि पडद्यामागे बाकीचं जग तीन-तीनच्या ओळीत. मी आजवर त्या बाकीच्या जगातूनच फिरलो होतो. पुढच्यांकडे न बघता पुढच्यांना बघत कसं जायचं, ती कला मला अवगत होती. आईला व्हीलचेअर असल्यामुळे आम्हाला सगळ्यांच्या आधी चढवलं. तिला खिडकी दिली, मी वाटेच्या कडेला बसलो. दोन खुर्च्यांच्या मधे हात ठेवायची एवढी रुंद फळी होती की तिचा हात धरायचा तर मला वाकावं लागलं असतं. कुणी वाकलं नाही.

मग लोक यायला लागले. लहान विमानात पुढे बसण्याची खरी गंमत ही की, सगळं विमान तुमच्या अंगावरून आत जातं. हातात सरबताचा ग्लास घेऊन तुम्ही बसलेले आणि खांद्यावर बॅगा घेतलेली, कडेवर पोरं घेतलेली माणसं तुमच्या गुडघ्यांना घासत चाललेली. मी मोबाइल काढून त्यात तोंड घातलं. आईने मात्र ते सगळं वेगळंच घेतलं. दाराजवळ म्हातारं माणूस बसलेलं आणि समोरून लोक आत येताहेत, हे चित्र तिच्या ओळखीचं होतं. घरी गणपतीत ती अशीच दाराशी खुर्ची टाकून बसायची. ती प्रत्येकाकडे बघून मान हलवायला लागली. "या. सावकाश. या." एकाने दचकून नमस्कार केला. मुलाला ओढत नेणाऱ्या एका बाईला तिने विचारलं, "दमला काय गो झील?" बाईला काही कळलं नाही, पण ती थांबून छान हसली आणि मागची रांग अडली.

"आई, त्यांना जाऊ दे ना," मी पुटपुटलो.

"आपली खुर्ची दारातच आसा रे. लोकांका अडचण होता," ती म्हणाली आणि पाय आत ओढून घेतले. तिच्या पायांपुढे एक आख्खं माणूस झोपेल एवढी जागा होती. पुढे काठी टेकत एक म्हातारी आली, तशी आई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायलाच लागली. "तिका हंय बसूक दे. माका मागे चलात." मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. जरा जोरातच.

विमानाने समुद्राच्या बाजूने उड्डाण केलं. घाटकोपरला आमच्या गच्चीवरून उतरणाऱ्या विमानांची पोटं दिसायची. चाकं मोजता यायची इतकी खाली. आई पापड वाळत घालताना वर बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. आता ती काचेला नाक लावून बसली होती.

"घाटकोपर खंय दिसता?"

"मागे राहिलं. आपण उलट बाजूने निघालो."

तिने बराच वेळ मागे वळून बघितलं. खाली नुसतं पाणी होतं.

मग थाट सुरू झाला. वाफाळता रुमाल चिमट्याने हातात दिला. आईने त्याने हात पुसले, मग खुर्चीची फळी पुसली, मग घडी घालून परत दिला. हवाई सुंदरी विशीतली होती, बहुधा ईशान्येकडची. नाश्त्याला काय हवं ते विचारायला ती वाटेत चक्क गुडघे टेकून बसली, म्हणजे तिचं तोंड आईच्या तोंडासमोर यावं. पुढे बसणाऱ्यांशी असंच बोलायला शिकवतात. मला ते भारी वाटलं. आईचा जीव वरखाली झाला. "बाय, गुडघ्यार बसू नको. माज्यासारखे जातले," ती म्हणाली. मी हिंदीत सांगितलं की त्यांना इडली चालेल.

पांढरं टेबलक्लॉथ आलं, जाड चिनी मातीच्या वाट्या-बशा आल्या, काचेचा ग्लास, खरे स्टीलचे काटे-चमचे. मीठमिरीच्या इवल्या कुप्यासुद्धा. मी प्रत्येक गोष्ट तिला नीट दिसेल अशी सरकवत होतो. कशी आहे खुर्ची, पाय वर होतात बघ, हे बटण दाब. मला तिच्या तोंडून एकदा 'मस्त' ऐकायचं होतं. तेवढं ऐकलं असतं तर हिशेब फिटला, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं. तिने इडली खाल्ली, सांबार संपवलं, फळं चमच्याने एकेक करून खाल्ली. पानात टाकायची तिला सवय नाही.

खाऊन झाल्यावर तिने कागदी रुमालाने वाटी आतून लख्ख पुसली. पायाशी ठेवलेल्या पिशवीतून खाज्याची पुडी काढली, चार कांड्या त्या वाटीत ठेवल्या आणि वर दुसरा रुमाल झाकला.

"हे काय करतेस?"

"भांडा परत करूचा हा ना."

ही आमच्या बिल्डिंगमधली रीत. शेजारून वाटीतून काही आलं की वाटी मोकळी परत जात नसे. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण घालायची. मीच लहानपणी त्या वाट्या घेऊन जिने चढलो-उतरलो होतो. पण हे मला आत्ता शांतपणे लिहिता येतंय. तेव्हा वाटेच्या पलीकडे कोट घातलेला एक माणूस वर्तमानपत्रावरून आमच्याकडे बघत होता आणि माझे कान तापले होते.

"आई, इथे तसं नसतं. ती ते कचऱ्यात टाकणार."

"टाकूंदे. रिकामा भांडा कोण परत देता काय? त्या पोरीन इतक्या मायेन दिल्यान."

"तिला त्याचा पगार मिळतो," मी म्हणालो, आणि हवाई सुंदरी येताना दिसली म्हणून वाटीतला खाजा मुठीत घेऊन खिशात कोंबला. तिने ट्रे उचलला. "सब ठीक था, मॅम?" आईने मान हलवली. ती रिकामी वाटी दाराजवळच्या छोट्या स्वयंपाकघरात जाईपर्यंत आई तिच्याकडे बघत होती. इतकी शरमलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि शरमायला मीच लावलं होतं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "सीट आवडली ना पण?"

"बरी आसा." मग थोड्या वेळाने, खिडकीकडेच तोंड ठेवून ती बोलली. "माका हंय कित्याक बसवलंस, ता माका कळता."

"गुडघ्यांसाठी, आई."

"फ्रिजार लावलेलंस तो कागद मी वाचलंय."

बिल्डरने नव्या घराचा नकाशा दिला होता. आम्ही तिघांनी एका रविवारी त्यावर पेन्सिलने लिहिलं होतं. कपाट इथे, आमचा पलंग इथे, मुलीचं टेबल खिडकीशी. देवघर स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला. मग तो कागद मुलीने चुंबकाने फ्रिजवर लावला. आई तेव्हा कॉटवर बसून लसूण सोलत होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं.

"त्या कागदार माजा नाव खंयच नाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. चूक दाखवून द्यावी तसं म्हणाली.

"आई, तसं नाही. ते नुसतं सामान कुठे ठेवायचं ते लिहिलंय."

"बिल्डिंग झाली काय तू माका न्हेवक येतलंस?"

इतका सरळ प्रश्न तिने मला आयुष्यात विचारला नसेल. आणि मला खरंच 'हो' म्हणायचं होतं, तो शब्द तोंडात आलाही होता. पण त्याच वेळी डोकं दुसरीकडे धावत होतं. मुलीच्या खोलीत दोन पलंग बसतील का, मुलगी ऐकेल का, हॉलमध्ये सोफ्याचा पलंग घेतला तर पाहुणे आल्यावर काय. मी नकाशात आईसाठी जागा शोधत राहिलो आणि तोवर उत्तर द्यायची वेळ निघून गेली. हवाई सुंदरी चहा घेऊन आली. आईने दोन्ही हातांनी कप घेतला.

"आसांदे," आई मला म्हणाली. म्हणजे असू दे. मला वाईट वाटू नये म्हणून.

दिल्ली यायला अजून तासभर होता. मी बटण दाबून खुर्ची मागे नेली, पायाखालची गादी वर घेतली आणि डोळे मिटले. तसल्या खुर्चीत झोपेचं सोंग फार आरामात घेता येतं. आई जागी होती. तिने एकदा माझ्या अंगावर ते पातळ पांघरूण ओढलं. मी हललो नाही.

व्हीलचेअरवाल्यांना चढवतात सर्वांच्या आधी, पण उतरवतात सर्वांच्या शेवटी. विमान रिकामं होईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. माणसं पुन्हा आमच्या अंगावरून गेली. या वेळी आई मांडीवर पिशवी घेऊन खाली बघत होती. बाहेर दादा उभा होता, त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काय आई, फर्स्ट क्लासने! नशीब काढलंस." आई म्हणाली, "होय तर. ह्येनी काय कमी केल्यान नाय." ती माझी बाजू घेत होती. मला तिथे, त्या गर्दीत, रडू आलं, आणि मी बॅगा घ्यायला जातो असं सांगून बाजूला झालो.

गेल्या महिन्यात बिल्डिंग पुरी झाली. चावी मिळाली त्याच दुपारी, मोकळ्या हॉलमध्ये उभा राहून मी आईला फोन लावला. काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं. मी फक्त "आई, घर झालं" एवढं म्हणालो आणि थांबलो.

"बरा झाला. माका आता हंय सवय झाली रे. हंयच बरा वाटता. माज्यासाठी कायएक करू नको."

ती खोटं बोलत होती. दादा दर आठवड्याला सांगतो, ती घाटकोपरचं हवामान विचारते, शेजारणी कुठे कुठे राहायला गेल्या ते विचारते. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी तिचं वाक्य संपताच मला हायसं वाटलं. "बरं," मी म्हणालो. तिने फोन ठेवला.

मुलगी तिच्या खोलीत मेजर टेपने भिंत मोजत होती. तिने तिथूनच विचारलं, "आजी कधी येतेय?"

"तिला तिकडेच आवडलंय," मी सांगितलं.